आरशाचा आठवडा

शुक्रवारी सकाळी टाकीचं झाकण साखळ्यांवरून वर गेलं आणि दुर्बिणीच्या नव्याकोऱ्या आरशात एक हात दिसला. म्हणजे समोर कुणी उभं आहे आणि त्याचा हात आरशात पडलाय, तसा नव्हे. आरशाचाच हात. दोन मीटर रुंदीची ती चंदेरी परात आत्ताच जन्मल्यासारखी लखलखत होती, छताच्या पत्र्यातल्या एकेका खिळ्यासकट सगळं उलटं करून दाखवत होती. आणि कडेला, घड्याळात चार वाजतात त्या जागी, पाच बोटं आणि एक तळवा एवढ्याच भागावर ॲल्युमिनियम धड बसलेलं नव्हतं. राखाडी, दुधाळ हात. अंगठा जरा जास्तच बाहेर फेकलेला. मी माझा हात जर्सीच्या बाहीत ओढून घेतला. कुणी बघितलं नाही, सगळे तिकडे बघत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच क्षणी मला असंही वाटलं की काय सुंदर उमटलाय!

"अरे देवा, आरशाला हात फुटला!" असं म्हणून ऊम फ्लोरिस यांनी शीळ घातली. ऊम म्हणजे काका. ते क्रेन चालवतात आणि कुठल्याही प्रसंगी आधी शीळ घालतात, बायकोच्या बाळंतपणातही घातली होती म्हणे. मीनीर स्टेन्काम्प, म्हणजे आमचे स्टेन्काम्प साहेब, आरशाचे मुख्य, चष्मा कपाळावर ढकलून वाकले. आणि माझे पप्पा, एकोणीस वर्षं हा आरसा स्वतःच्या हातांनी धुणारे हेन्ड्रिक याफ्ता, दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "कुठाय?"

कुठाय! मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी आपल्याच हाताच्या विचारात होते.

आमच्या डोरिंगक्लूफच्या डोंगरावर ही दुर्बीण माझ्या जन्माआधीपासून आहे आणि दर दोन वर्षांनी थंडीत, म्हणजे आमच्याकडे जुलैत, तिचा आरसा खाली उतरवतात. जुनं ॲल्युमिनियम तीव्र सोड्यानं खरवडून काढायचं, काच नागडी करायची, धुवायची, मग टाकीत ठेवून टाकीतली सगळी हवा ओढून घ्यायची आणि आत ॲल्युमिनियमची वाफ करायची. ती काचेवर जाऊन बसते, केसापेक्षा कितीतरी पातळ. एवढाच तो आरसा. मागे एक टन काच, पुढे नावापुरता धातू. हा सगळा आरशाचा आठवडा, आणि त्या आठवड्यात आमच्या घरात चरबी बंद. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात. मम्मी मेंढीच्या शेपटीच्या चरबीत रानपाला उकळून मलम करते, थंडीत आमच्याकडे प्रत्येकाच्या हाताला ते लागतंच, नाहीतर हात नदीच्या सुकलेल्या पात्रासारखे तडकतात. पण आरशाच्या आठवड्यात मलमाचा डबा कपाटावर, वरच्या फळीवर. फक्त पप्पांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. कारण दाराची मूठ एकच असते, टॉवेल एकच असतो. पाव कोरडा, मटण बंद, मम्मीच्या केसांना तेल बंद. पप्पांच्या बोटांना भेगा पडून रक्त यायचं आणि ते रात्री हात मिठाच्या कोमट पाण्यात धरून बसायचे. मी लहान असताना मला वाटायचं हा काहीतरी उपास आहे, आरसा हा कुणी देव आहे आणि त्याला आमच्या हाताचा तेलकटपणा चालत नाही. थोडंफार तसंच होतं म्हणा.

आता मी काही लहान नाही. सोळा पूर्ण. मागच्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या वक्तृत्वात मी पहिली आले आणि तिथून माझं काहीतरी सुटलंच. म्हणजे आधी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे आणि आता मला कुणी थांबवू शकत नाही. यंदा हिवाळी सुट्टीत डोंगरावर पाहुण्यांना दुर्बीण दाखवायला मुलगी हवी होती, मी सरळ मीनीर स्टेन्काम्पच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मी आहे ना! छातीवर बिल्ला मिळाला. 'लेव्होना याफ्ता, मार्गदर्शक.' मी तो घरीही लावून बसायचे. ऊम फ्लोरिस म्हणायचे, "लेव्ही, झोपताना तरी काढ, छातीला गंज लागेल." सगळ्यांना कौतुक होतं, एक पप्पा सोडून. पप्पांनी माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. मागच्या थंडीपासून मी बोलायला लागले की ते माझ्या कानाकडे बघायचे. कानाकडे, नाहीतर खांद्याच्या पलीकडे कुठेतरी. कोंबडी दाणा बघते तशी मान जरा तिरकी करून. मला ते फार लागायचं. मला वाटायचं, मुलगी फार बोलायला लागली, हे त्यांना आवडत नाही. त्यांना ती जुनी, मुकी लेव्ही हवी आहे. एकदा मी मम्मीला म्हटलंही, "पप्पांना मी आवडत नाही का गं आता?" मम्मी कांदा चिरत होती. म्हणाली, "मूर्खासारखं बोलू नकोस. पप्पांना काय दिसतं आणि काय नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक." मी हे वाक्य ऐकलं आणि त्यावर रुसून बसले. ऐकलं मात्र नाही. आत्ता लिहिताना मला ते कांद्याच्या वासासकट ऐकू येतंय.

बुधवारी केपटाउनहून शिबिराच्या मुली आल्या, चोवीस. काच धुऊन झाली होती, लाकडी चौकटीवर उघडी वाळत पडली होती, धातू नाही, काही नाही, नुसतं थिजलेलं पाणी. मी त्या दिवशी सकाळी उठून माझे हात बघितले होते. पांढरे फटक, खडू फासल्यासारखे, बोटांच्या पेरांवर मीठ फुटलेलं. या हातांनी मी केपटाउनच्या मुलींना दाखवणार, की हा बघा आरसा? मी खुर्चीवर चढले आणि डबा काढला. वाटाण्याएवढं घेतलं. खरंच वाटाण्याएवढंच. चोळून चोळून जिरवलं, वरून धुतलंही. हात असे मऊ, तांबूस, चकचकीत झाले की मी दिवसभर ते हवेत हलवत बोलले. दोरीच्या अलीकडे मुली आणि पलीकडे मी. मी म्हटलं, "इतकी वर्षं झाली, पण या काचेला आजवर उघडा हात लागलेला नाही." हे वाक्य माझं स्वतःचं होतं, कुणी शिकवलं नव्हतं. मग मागून एक उंच मुलगी, तिच्या दातांना तार होती, म्हणाली, "तुझाही नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "अच्छा. म्हणजे तूही आमच्यासारखीच लांबून बघतेस." आणि हसली. वाईट नव्हती ती. पण बस गेली तरी ते हसू गेलं नाही. पप्पा आणि ऊम फ्लोरिस चहाला गेले होते. खोलीत कुणी नव्हतं, छताखाली चिमण्यांचा आवाज. मी दोरीखालून गेले आणि कडेला उजवा हात ठेवला. एक, दोन, तीन. इतकं गार की गरमच वाटलं. एवढा मोठा आरसा, आणि त्याच्यावर माझा हात; मला वाटलं मीही आता लांबून बघणारी उरले नाही. हात उचलला. काच जशी होती तशी, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मलमाची आठवण मला तेव्हा झालीच नाही, देवाशप्पथ.

आठवण झाली गुरुवारी सकाळी. गुरुवारी सकाळी श्वास असतो. काच टाकीत जाण्याआधी पप्पा तिच्याभोवती फिरतात आणि वीत वीत जागेवर तोंडाची वाफ सोडतात, हाऽऽ, हाऽऽ. काच स्वच्छ असेल तर धुकं सारखं बसतं, राखाडी, मलमलीसारखं, आणि सारखं उडतं. कुठे चरबीचा अंश असेल तर तिथे धुक्याला भोक पडतं, डाग जसा असेल त्या आकाराचं. मीनीर स्टेन्काम्प पाहुण्यांना सांगायचे की आमचं सगळ्यात भरवशाचं यंत्र विजेवर चालत नाही, दुधाशिवायच्या चहावर चालतं. पप्पांनी या श्वासासाठी तंबाखू सोडली होती. मी दोरीशी उभी होते. पप्पा घड्याळात एक वाजतो त्या जागी होते, मग दोन, मग तीन. मी बोलणार होते. मी तोंड उघडलंही होतं. मी, जिला कुणी थांबवू शकत नाही! चारपाशी ते वाकले. हाऽऽ. मान तिरकी केली, दाणा बघितला. मी उभी होते तिथून काचेवर नुसता खिडकीचा उजेड दिसत होता. ते सरळ झाले, आणि म्हणाले, "साफ." आणि पाचकडे गेले. मला वाटलं, जिरलं सगळं! गेलं! वाटाण्याएवढंच तर होतं. मी आनंदानं बाहेर पळत जाऊन दगडावर बसले आणि उन्हात पाय हलवत राहिले. त्या अर्ध्या तासाएवढी सुखी मी कधी होते असं मला आठवत नाही.

तर शुक्रवारी पप्पा म्हणाले, "कुठाय?" आणि ऊम फ्लोरिस म्हणाले, "अहो, हा काय, नाकासमोर!" पप्पांनी नाक त्या दिशेला नेलं. मग म्हणाले, "माझाच असणार. काल टाकीत उतरवताना हातमोजा निसटला होता." मीनीर स्टेन्काम्पनी त्यांच्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. पप्पांचे हात म्हणजे फावडी. हा हात पावाच्या चतकोराएवढा. "आरशाच्या आठवड्यात मलम, हेन्ड्रिक? तुझ्या घरात?" "चूक झाली, मीनीर." "लेखी ताकीद द्यावी लागेल." "द्या, मीनीर." मग मीनीर स्टेन्काम्प पुन्हा वाकले आणि बराच वेळ हिशेब केल्यासारखे ओठ हलवत राहिले, आणि म्हणाले की परत खरवडण्यात अर्थ नाही, आठवडाभर दुर्बीण बंद राहील, एवढ्याशा हातानं शंभरात एक भागसुद्धा उजेड कमी होत नाही. राहू दे. ताऱ्यांना काही कळणार नाही. ऊम फ्लोरिस म्हणाले, "चला, दोन वर्षं आभाळाला टाटा करेल." सगळे हसले. पप्पाही हसले. मीसुद्धा हसले असेन.

शनिवार-रविवार मी घरात फिरत राहिले. पप्पा माझ्यासाठी खोटं बोलले, असं मला वाटत होतं. त्यांनी हात ओळखला, बापाला मुलीचा हात ओळखू येणार नाही का, आणि स्वतःवर घेतला. एकोणीस वर्षांत पहिली ताकीद, माझ्या पायी. रविवारी चर्चमध्ये ते गाण्याचं पुस्तक बंद ठेवून सगळं पाठ म्हणत होते आणि मला वाटलं, बघा, किती मोठा माणूस. घरी आल्यावर त्यांनी चहा ओतला, कपात बोट घालून, चहा बोटाला लागला की थांबायचं, तसे ते हल्ली ओतायचे. "पप्पा, भाजून घ्याल अशानं," मी म्हटलं. "पप्पांची कातडी जाड आहे," ते माझ्या कानाला म्हणाले. मी ठरवलं, सोमवारी जायचं. वक्तृत्वाच्या वेळी लिहिलं होतं तसं मी भाषण लिहिलं, न्हाणीघरात म्हणून बघितलं. शेवटचं वाक्य होतं, "माझ्या वडिलांचे हात एकोणीस वर्षं स्वच्छ आहेत." मला ते वाक्य फार आवडलं होतं. खोटं कशाला सांगू, ते वाक्य म्हणायला मिळणार म्हणून मी थोडी खूशही होते.

"मीनीर, तो हात माझा आहे," मी म्हटलं. मीनीर स्टेन्काम्पनी पेन ठेवलं आणि चक्क हसले. "मला माहीत होतं गं. तो हात हेन्ड्रिकचा? हेन्ड्रिकचा हात उमटला असता तर आरसाच उरला नसता. तुझ्यासाठी तो खोटं बोलला, हे मला शुक्रवारीच कळलं. मी वाट बघत होतो येतेस का. शाबास." मी फुलले. मी वाक्याकडे निघाले. "माझ्या वडिलांचे हात—" "टाकीत उतरवताना शिवलीस ना?" "नाही, मीनीर. आदल्या दिवशी. बुधवारी. त्या मुली गेल्यावर." "बुधवारी," ते म्हणाले. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण मागे कुणी उरलं नव्हतं. "काच धुतल्यावर." "हो." "म्हणजे श्वासाच्या आधी." त्यांच्या टेबलावर एक घड्याळ आहे, उल्केच्या दगडात बसवलेलं. त्याचा काटा मला ऐकू यायला लागला. "म्हणजे गुरुवारी तो तिथं होता, लेव्होना. हेन्ड्रिकनं त्याच्यावर श्वास सोडला. तुझ्या हातावर. पाच बोटं, तळवा, सगळं धुक्यात उघडं पडलं असणार त्याच्यासमोर." मी म्हटलं, "कदाचित गुरुवारीच असेल. गुरुवारीच शिवले मी, मीनीर, मला आठवलं, दुपारी—" "लेव्होना," ते म्हणाले. इतक्या हळू, की मी गप्प बसले. मला थांबवायला एवढंच पुरलं.

त्यांनी पप्पांना बोलावलं. पप्पा टोपी हातात धरून आले, मी दाराच्या मागच्या बाजूला होते, त्यांना मी दिसले नाही असं मला वाटलं; आता माहीत आहे की समोर असते तरी तेच. मीनीर स्टेन्काम्पनी खणातून एक कागद काढला आणि पुढे धरला. "हेन्ड्रिक, त्या हाताचं मोजमाप घेऊन कागदावर उतरवलंय. वर पाठवायचंय. एकदा बघून सांग, तुझाच ना?" कागद कोरा होता. दोन्ही बाजूंनी कोरा, तो उजेडासमोर होता, मला आरपार दिसत होतं. मी ओरडू शकले असते. पप्पांनी कागद घेतला, खिडकीकडे धरला, मान तिरकी केली. मन लावून बघितलं. किती मन लावून! मग म्हणाले, "हो, मीनीर. माझाच. अंगठ्यावरूनच कळतंय." मीनीर स्टेन्काम्प खाली बसले. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि म्हणाले, "कधीपासून, मित्रा?" पप्पांनी कागद खाली घेतला. घडी घातली, परत उलगडली. "मधलं गेलंय, मीनीर," ते म्हणाले. "कडेकडेचं आहे अजून. मागच्या थंडीपासून. जिथे बघायला जावं तिथेच नसतं."

जिथे बघायला जावं तिथेच नसतं. कानाकडे बघितलं की चेहरा कडेला येतो. एवढंच होतं. पप्पा वर्षभर माझ्या कानाकडे बघत होते ते मला बघायला, आणि मी रुसले होते. शुक्रवारी त्यांनी माझा हात ओळखलाही नव्हता. माझ्यासाठी नव्हतेच ते खोटं बोलले. ताकीद घेतली की गोष्ट तिथे संपेल, श्वासापर्यंत कुणी जाणार नाही, म्हणून बोलले. आणि ती संपली होती! कागदावर, सहीनिशी. मी भाषण लिहून ती परत उघडली. वुस्टर गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं वीस मिनिटांत सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. डोंगरावर सगळे फार चांगले वागले. निरोपाचा केक कापला. पप्पांना दुर्बिणीचा फोटो चौकटीत घालून दिला, त्यांनी तो मान तिरकी करून बघितला आणि आभार मानले. घरी येताना गाडीत मम्मी एकदाच बोलली, "तुला विचारायचं होतंस मला, लेव्ही. जायच्या आधी एकदा विचारायचं होतंस." मी म्हटलं, "तू सांगायचं होतंस." बाहेर नुसती माती उडत राहिली. पप्पांचा एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी ऊम फ्लोरिसना विचारला, मला नव्हे. "पुढच्या वेळी श्वास कोण सोडणार?" ऊम फ्लोरिस म्हणाले, "यंत्र आणतायत म्हणे. माझा श्वास काय, आरसा काळा पडायचा." आणि पहिल्यांदाच त्यांनी शीळ घातली नाही.

आता ऑगस्ट संपत आलाय, शाळा सुरू झालीय, मी शनिवारी बिल्ला अजून लावते, कारण आमच्या घरातलं डोंगरावर आता मीच जाते. मी तेच सगळं सांगते; फक्त उघड्या हाताचं वाक्य आलं की ते टाळून पुढे जाते. तेव्हा दुर्बीण मिटलेली असते, आणि तिच्या तळाशी अंधारात चारच्या जागी माझा हात असतो, बोटं पसरून. त्याला काही झालेलं नाही. परवा एक शास्त्रज्ञ बाई सांगत होत्या की या वर्षी प्रतिमा फारच छान येतायत. घरी मलमाचा डबा टेबलावर असतो आणि पप्पा दिवसातून तीन-चार वेळा ते चोळत बसतात, काही काम नसलं की. त्यांच्या भेगा सगळ्या भरल्या. एवढे मऊ हात मी त्यांचे कधी बघितले नव्हते. मला ते बघवत नाहीत.

आज सकाळी बाहेर पांढरं दव गोठलेलं होतं. मी पाव खात होते, शाळेच्या बसला दहा मिनिटं होती. पप्पा खिडकीशी उभे होते. त्यांनी काचेवर वाफ सोडली, हाऽऽ, तशीच, पोटातून, आणि म्हणाले, "लेव्ही, इकडे ये. बघ."

मी गेले. धुकं राखाडी, मलमलीसारखं बसलं होतं, आणि त्याच्या मधोमध एक हात होता. फावड्यासारखा मोठा, पाचही बोटं उघडी, त्यातून पलीकडचा डोंगर स्वच्छ दिसत होता आणि डोंगरावर पांढरा घुमट. पप्पा माझ्या कानाकडे बघत होते. मी त्या कानाशेजारचा माझा चेहरा होईल तेवढा नीट केला.

"साफ आहे?" त्यांनी विचारलं.

"साफ आहे, पप्पा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सावकाश, मीनीर स्टेन्काम्प बसले होते तितक्या सावकाश खुर्चीत बसले, आणि डब्याचं झाकण चाचपून बंद केलं.

"आत्ताच ठेवला होता मी तिथं हात," ते म्हणाले.

काचेवरचं धुकं कडांकडून उडायला लागलं होतं. बसचा भोंगा वाजला.